सर्दीचं सिरप आणि बाळाची प्रतिकारशक्ती



घरातल्या तान्ह्या बाळाला सर्दी झाली की मेडिकलवर धावतं कोण? बहुधा तुम्हीच. "मागच्या वेळचंच अँटिबायोटिक द्या," हे वाक्य मी मोहल्ल्यात अनेकदा ऐकतो. म्हणून हे तुमच्याशी बोलतो आहे.

सर्दी होते ती विषाणूमुळे. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला नाही. मग सर्दीत ते मारतं कोणाला? बाळाच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचं अन्न असतात. शत्रू कोण आणि निरुपद्रवी कोण, हे ओळखायला प्रतिकारशक्ती याच काळात शिकते आणि हे जिवाणू तिला त्यात मदत करतात.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्या मुलांना अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण कमी झालं. त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये दम्याचं नवं निदान २६ टक्क्यांनी घटलं. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर अँटिबायोटिक मिळालेल्या बाळांमध्ये न्यूमोकोकल लशीनंतर अँटिबॉडी कमी आढळल्या. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, प्रत्येक बाळाचं भविष्य नव्हे. आणि याचा अर्थ लस टाळा असा तर मुळीच नाही.

अँटिबायोटिकही शत्रू नाही. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला किंवा जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला, तर तेच जीव वाचवतं. बाळ दूध ओढत नसेल, श्वास जोरजोरात चालत असेल, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. डॉक्टरांनी दिलेला डोस मनाने बंद करू नका.

मला खटकतं ते चिठ्ठीशिवाय मागणं आणि चिठ्ठीशिवाय विकणं. अनेक अँटिबायोटिक्स मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवायची असते. कायदा आहे, तो पाळला जावा, असा आग्रह आपण धरायला हवा.

घरातही बोला. चिकाचं दूध काढून टाकायला सांगणाऱ्या दादी-नानींना आदराने समजवा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे अम्मी-भाभींनाच नाही, भाईजाननाही कळू द्या.

आणि डॉक्टरांना विचारायला लाजू नका: "साहेब, हा आजार विषाणूचा की जिवाणूचा? अँटिबायोटिक लागेलच का?"