मोकळ्या किनाऱ्याचा धनी कोण?

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत असतो आणि घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. सातारा-सांगलीच्या माणसाच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. लाटा पाहायच्या तर घाट उतरून गुहागर नाहीतर गणपतीपुळे गाठावे लागते. म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्याकडची मंडळी घरच्याच एका किनाऱ्याकडे वळली आहेत. तो किनारा म्हणजे कोयनेच्या शिवसागराचा. बामणोली, तापोळा, वासोटा ही नावे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. या किनाऱ्याविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. सणासुदीला ते थोडे कडू लागतील. पण कारल्याची भाजीही याच पानात वाढतात, असे समजून वाचकांनी ते गोड करून घ्यावेत.

ज्यांनी हा किनारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिवसागराच्या पूर्वेच्या काठावर गावे आहेत आणि पश्चिमेच्या काठावर कोयनेचे अभयारण्य. बामणोलीला लाँचमध्ये बसावे, पाण्यावरून तासा-दीड तासाने वासोट्याच्या पायथ्याशी उतरावे. तिथे ना धक्का, ना हॉटेल, ना भेळेची गाडी. वनखात्याचा परवाना घेऊनच आत पाऊल टाकायचे आणि उन्हे कलण्यापूर्वी परतायचे. मुक्कामाला मनाई आहे. दिवाळीत जलाशय भरलेला असतो, पाणी झाडांच्या पायाशी खेळते. पुढे उन्हाळ्याकडे ते उतरत जाते आणि तांबड्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या चिखलावर गव्याचे खूर, सांबराचे खूर, कुठे बिबट्याचा पंजा. रात्री पाण्यावर कोण कोण येऊन गेले त्याचे हजेरीपत्रकच सकाळी वाचायला मिळते. वाळू नाही, शिंपले नाहीत. तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी नावाजलेल्या चौपाट्यांपेक्षा हा किनारा मला अधिक किनारा वाटतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी, लाँचमधून उतरता उतरता, कुणीतरी हटकून म्हणतो, "काय जागा आहे हो! आणि नुसती पडून आहे!"

'पडून आहे' या दोन शब्दांशी माझे भांडण आहे.

ही जागा पडून नव्हती. ती रिकामी करून घेतलेली आहे. १९६४ साली कोयनेचे धरण पुरे झाले. त्यासाठी शंभराच्या आसपास गावांना आपली घरे, शेते, देवळे सोडून उठावे लागले. कुणी सोलापूरकडे गेले, कुणी सांगलीकडे, कुणी घाट उतरून ठाणे-कुलाब्याकडे. पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरले, त्यावर जनित्रे फिरू लागली, आणि आज कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. आपण दिवाळीला ज्या माळा लावतो त्यांत थोडा उजेड या बुडालेल्या गावांचा आहे.

जे वर डोंगरात सरकून राहिले त्यांच्यापुढे १९८५ साली अभयारण्य आले. त्याच वर्षी दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोलीचे अभयारण्य झाले. वारणेवरच्या धरणाने आधीच गावे उठवली होती, अरण्याने आणखी उठवली. २००४ साली चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत त्याचा विस्तार आहे, ११६५ चौरस किलोमीटरांचा. शिराळ्याकडून मणदूरच्या वाटेने आत गेले की वसंतसागराचा काठही असाच मोकळा दिसतो. तिथेही कोणी ना कोणी राहत होते.

एकदा शिवसागराच्या ऐन मध्यावर आमच्या नावाड्याने यंत्र हळू केले आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, हितं खाली आमची पांढर हाय." एवढेच. पुढे त्याने यंत्र पुन्हा चालू केले. माझ्यासोबतची मुले पाण्यात वाकून पाहू लागली. त्यांना काहीच दिसले नाही. पांढर म्हणजे काय, हे मला त्यांना काठावर उतरल्यावर समजावून सांगावे लागले.

आता माझा मुद्दा सरळ आहे. या लोकांना दोनदा उठवले. पहिल्यांदा सांगितले, राज्याला वीज हवी. दुसऱ्यांदा सांगितले, जंगल राखायला हवे. ही कारणे पटोत वा न पटोत, ती क्षुल्लक होती असे कुणी म्हणणार नाही. पण त्या कारणांसाठी मोकळ्या केलेल्या किनाऱ्यावर आज पोहण्याचे हौद असलेली विश्रामगृहे उभी राहणार असतील, तर पहिली दोन्ही कारणे खोटी पडतात. पंगतीतून एकाला उठवायचे, 'हे पान देवाच्या नैवेद्याचे आहे' म्हणून सांगायचे, आणि तो दाराबाहेर गेला की त्याच पानावर सावकाराला बसवायचे, याला आमच्या गावात एकच शब्द आहे आणि तो दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही.

ही भीती हवेतली नाही. २०२४ साली मुनावळ्याला जलपर्यटन केंद्राचे उद्घाटन झाले; तिथे यांत्रिक नावांचे खेळ आले. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळाने 'नवीन महाबळेश्वर' या नावाने साताऱ्याच्या डोंगरातील २३५ गावांचा विकास आराखडा प्रसिद्ध केला. नाव ऐकूनच मला धडकी भरते. जुन्या महाबळेश्वरात मोटारींच्या रांगेत अर्धा दिवस घालवून जो परत येतो, त्याला आणखी एक महाबळेश्वर हवे असेल काय?

यावर उत्तर तयार असते: "मास्तर, तुम्ही पगारी माणूस. डोंगरातल्या पोरांनी काय मुंबईला माथाडीच करायची? रोजगार नको का?" प्रश्न खरा आहे आणि तो टाळणे लबाडीचे होईल. जावळी-पाटणच्या घरांतून पिढ्यान्पिढ्या मुंबईची वाट धरली गेली, ती हौसेने नव्हे. पण रोजगार म्हणजे काय ते तरी पाहू. बामणोलीच्या लाँचा स्थानिक मंडळींच्या हाती आहेत. पिठले-भाकरीचे ताट त्यांच्याच चुलीवरचे. हा रोजगार झाला. ज्याची जमीन विकत घेऊन त्यालाच तिच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे करायचे, तोही रोजगार म्हणूनच मोजतात. पण त्यात घरच्या धन्याचा गडी होतो, हे कुणी मोजत नाही.

दुसरे उत्तर असते: "बांधकाम अलीकडच्या काठावर, अभयारण्य तर पलीकडे!" जणू पाण्याला भिंत आहे! रात्रीचा आवाज पाण्यावरून किती लांब जातो ते नदीकाठी वाढलेल्या माणसाला विचारा. अलीकडचे दिवे आणि कर्णे पलीकडच्या गव्याला पाण्यावर येऊ देणार नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणून ठेवली. वाघ आणायचा आणि पाणवठ्यावर जत्रा भरवायची, ही दोन कामे एकाच सरकारच्या दोन हातांनी चालावीत, हे नवल आहे.

कासचे उदाहरण शेजारीच आहे. २०१२ साली ते पठार जागतिक वारशात गेले आणि गर्दी लोटली. पुढे दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली, आणि ते काम आजूबाजूच्या गावांच्या समितीने चालवले. पठाराला कुंपण घातले, तर गुरे चरायची थांबली आणि फुलांना त्रासच झाला म्हणून ते काढावेही लागले. फुलांना धोका गावच्या म्हशीपासून नव्हता, हे शहाण्यांना कुंपणाचा खर्च केल्यावर कळले.

म्हणून माझे मागणे आहे. शिवसागर आणि वसंतसागर यांच्या काठावर नवे पक्के बांधकाम नको. पाण्यावर कर्णे नकोत, यांत्रिक खेळ नकोत. नाव गावच्या माणसाची, घरगुती मुक्काम गावच्या घरात, आणि रोज किती माणसे न्यायची हे गाव व वनखाते मिळून ठरवोत. आणि या सर्वांच्या आधी, ज्यांची पांढर पाण्याखाली आहे त्यांची देणी पुरी करा. २०१८ साली हेच धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते, धरण पुरे होऊन ५४ वर्षे झाल्यावर! त्यांना जमीन द्यायला सापडत नाही आणि विश्रामगृहांना सापडते, हे गणित मी तरी मुलांना शिकवू शकणार नाही.

वाचकहो, जाऊ नका असे मी म्हणत नाही. जरूर जा, मुलाबाळांना न्या. परवाना काढा, डबा घरचा न्या, कागदाचा कपटाही तिथे टाकू नका. चिखलातले खूर मुलांना ओळखू द्या. आणि परतताना नावाड्याला विचारा, बाबा, तुमचे गाव कुठले? तो हात कुठे करतो ते पोरांना नीट पाहू द्या.