दुखवट्यातला नाताळ

सणासुदीच्या तोंडावर घरातले वडीलधारे माणूस गेले की मागे राहिलेल्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला दुःखाचा. त्याला उत्तर नसते, ते सोसावेच लागते. दुसरा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण त्यावरून घराघरांत माणसे अडखळतात आणि प्रसंगी नातीही दुखावतात. तो म्हणजे, सणाचे काय करायचे? दिवाळी असेल तर आकाशकंदील उतरवायचा का? नाताळ असेल तर दारावरची चांदणी विझवायची का? मुलांना आणलेले नवे कपडे तसेच कपाटात ठेवायचे का?

आम्ही वसईचे. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात इथल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बोली मराठीच राहिली आणि रीतीभातींचा मोठा भागही तसाच राहिला. त्यामुळे आमच्याकडचा नाताळ हा चर्चमध्ये जितका असतो तितकाच चुलीपाशी असतो. आठवडाभर आधी कलकल वळायला घरातली सगळी बसतात. नेवऱ्यांचे सारण होते. मुले अंगणात गवत-मातीचा गोठा रचतात. या सगळ्याचे सूत्रसंचालन अर्थातच आजीकडे. साखर किती, तेल कितपत तापले, कुणाच्या घरी किती ताटे जायची, हा हिशेब कुठे लिहिलेला नसतो. तो तिच्या डोक्यात असतो. म्हणून नाताळात आजी जाते तेव्हा घराने एक माणूस तर गमावलेले असतेच, शिवाय सण कसा करायचा हे ज्याला ठाऊक होते तेच माणूस गेलेले असते.

माझी आजी २२ डिसेंबर २०१५ रोजी संध्याकाळी गेली. वय शहाऐंशी. फार आजारी नव्हती. कलकल वळून परातीत पडले होते, तळायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी दफन झाले. चोवीस तारखेला सकाळी घरात तो दुसरा प्रश्न निघालाच. थोरले काका म्हणाले, चांदणी उतरवा, लोक काय म्हणतील? काकू म्हणाल्या, पोरांनी काय पाप केलंय? दोघांचेही चूक नव्हते. तेवढ्यात शेजारच्या वाडीतल्या काकू डबा घेऊन आल्या. आजी गेली त्या रात्रीच त्यांनी ती परात आपल्या घरी नेली होती आणि कलकल तळून ठेवले होते. “म्हातारीच्या हातचं आहे, टाकायचं नाही,” एवढेच त्या बोलल्या. पंचवीस तारखेला आमची चूल फक्त चहापुरती पेटली, पण दुपारपर्यंत ओटीवर अकरा ताटे आली होती. त्यांतली तीन हिंदू घरांतली. प्रत्येक जण घटकाभर बसला, आजीची एखादी आठवण सांगून उठला. मुलांनी गोड खाल्ले. मोठी माणसे रडली. चांदणी तशीच राहिली. तिचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

यात आमच्या गावाचे कौतुक सांगण्याचा हेतू नाही. ही रीत एकट्या वसईची नाही. गोव्यात नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोडाची ताटे पाठवतात, तिला ‘कोन्सुआद’ म्हणतात, आणि दुखवट्यातल्या घराला ते ताट आवर्जून जाते. हिंदू घरांत मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, पण नातेवाईक आणि शेजारी फराळाचे घेऊन येतात. मुसलमान मोहल्ल्यातही शोकाच्या घरी बाहेरून जेवण जाते. धर्म वेगळे, पण आपल्या पूर्वजांनी काढलेला तोडगा एकच दिसतो. दुखवट्यातल्या घराने सण करायचा नाही आणि इतरांनी त्या घराला सणाविना ठेवायचे नाही. या रीतीला दोन अंगे आहेत, आणि दोन्ही असली तरच तिला अर्थ आहे.

माझे म्हणणे असे की गेल्या काही वर्षांत आपण यातले एक अंग शिल्लक ठेवले आणि दुसरे टाकून दिले. न करणे टिकले, आणून देणे गेले. एका परिचितांचे आजोबा असेच डिसेंबरात गेले. उपनगरातल्या मोठ्या इमारतीत त्यांचे घर. घरच्यांनी रीतीप्रमाणे चांदणी काढली, केक सांगितला नाही. शेजाऱ्यांनीही सभ्यपणा म्हणून बेल वाजवली नाही. मोबाईलवर सांत्वनाचे संदेश मात्र भरपूर आले. नाताळच्या दिवशी खाली आवारात सांताक्लॉज आला, गाणी लागली, आणि सातव्या मजल्यावरची दोन मुले खिडकीतून बघत राहिली. कुणीही वाईट वागले नव्हते. तरीही त्या घराला दुःखाच्या जोडीला शिक्षा झाली.

यावर कुणी म्हणेल, शोक ही खासगी बाब आहे, लोकांना एकटे राहू द्यावे. काहींना तसे हवे असते, हे खरे. पण एकटे राहण्याची इच्छा आणि एकटे पडणे यांत फरक आहे. ताट घेऊन आलेला माणूस दारातूनही परत जाऊ शकतो. न आलेल्या माणसाला मात्र ‘या’ म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा की नाताळ आनंदाचा सण, त्यात मरणाचे काय काम? याचे उत्तर खुद्द चर्चच्या पंचांगात आहे. २५ डिसेंबरला मृतासाठी अंत्यविधीची मिस्सा होत नाही, ती पुढे ढकलतात. दफन आणि प्रार्थना होऊ शकतात. पण लगेच दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, दगडांनी ठेचून मारलेल्या संत स्तेफनचा सण येतो. २८ तारखेला हेरोदाने मारलेल्या बालकांचे स्मरण होते. आजीच्या सातव्या दिवसाची मिस्सा नेमकी त्या २८ तारखेला आली, आणि आक्रोश करणाऱ्या आयांचे वाचन झाले तेव्हा आम्हाला ते उपरे वाटले नाही. पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी बाळाला सोने, ऊद आणि गंधरस दिला. गंधरस त्या काळी प्रेताला लावीत. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनासाठीही तो आणल्याचा उल्लेख आहे. मरणाला या सणाच्या बाहेर काढले ते बाजाराने. रोषणाईच्या आणि सवलतींच्या नाताळात रडणाऱ्या माणसाला उभे राहायला जागा नाही.

मुलांचा मुद्दा तर आणखी महत्त्वाचा. बहुतेक मुलांनी जवळून पाहिलेला पहिला मृत्यू आजी-आजोबांचा असतो. तेव्हा घर कसे वागते, यावरून ती मरणाबद्दल आपली समजूत बांधतात. सण पूर्ण पुसला, तर त्यांना कळते की मरणापुढे सगळे संपते. काही घडलेच नाही असा धूमधडाक्यात केला, तर त्यांना कळते की माणूस गेले तरी काही अडत नाही. दोन्ही खोटे आहे. गोठा रचू द्यावा, पण त्याशेजारी आजीचा फोटो असावा. तिच्यासाठी मेणबत्ती मुलांनीच लावावी. कलकल वेडेवाकडे झाले तरी त्यांनाच वळू द्यावेत. तिच्या डोक्यातला हिशेब पुढे जायचा तो असाच जाईल.

तेव्हा यंदाच्या डिसेंबरात आपल्या इमारतीत, आळीत, वाडीत कुणाच्या घरी दुखवटा आहे याची चौकशी करावी. घर कोणत्या धर्माचे हे पाहू नये. फोनवर विचारत बसू नये, कारण विचारले की माणसे संकोचाने नकोच म्हणतात. घरात जे केले असेल ते ताटात घ्यावे, वर रुमाल टाकावा आणि जावे. बोलायला शब्द सुचले नाहीत तरी घटकाभर बसावे. गेलेल्या माणसाचे नाव काढावे, टाळू नये. आणि आपले ताट या वर्षी रिकामे परत आले तर त्याचे काही वाटून घेऊ नये.