टाळेबंदी आणि कौटुंबिक हिंसा : यवतमाळने घ्यावयाचा बोध

कोरोनाच्या साथीत ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ हा संदेश गावोगावी पोहोचविण्यात आला. परंतु जिला घरातच मारहाण होते, त्या स्त्रीने कोठे जावे? २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि हा प्रश्न ऐरणीवर आला. ५ एप्रिल रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस आंतोनियो गुटेरेस यांनी घरातील हिंसा थांबविण्याचे आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांनीही १३ एप्रिल रोजी अशा स्त्रियांचे स्मरण केले. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलपासून तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक उपलब्ध करून दिला. आयोगाकडे २०१९ मध्ये कौटुंबिक हिंसेच्या सुमारे २,९६० तक्रारी आल्या होत्या. २०२० मध्ये त्या सुमारे ५,३०० झाल्या.

मात्र या तक्रारी बोलू शकलेल्या स्त्रियांच्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. यवतमाळसारख्या सोळा तालुक्यांच्या विस्तीर्ण जिल्ह्यात ही वाट अधिकच बिकट होते. वणी किंवा उमरखेडहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर दूर. टाळेबंदीत एस.टी. बंद, माहेरची वाट बंद आणि घरातील एकमेव फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात. दारूची दुकाने बंद झाल्याने व्यसन सुटले, असेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये वणी येथे दारूऐवजी सॅनिटायझर प्यायल्याने किमान सात जणांचा मृत्यू झाला. व्यसनाची पकड किती घट्ट होती, हे त्यातून दिसते.

अशा वेळी दारापर्यंत कोण पोहोचत होते? आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका. सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथकांनी घरोघरी जाऊन ताप, ऑक्सिजन व जुने आजार यांची नोंद घेतली. पुढील संकटात याच भेटींतून पीडितेपर्यंत मदत नेता येईल. मात्र नवऱ्यासमोर प्रश्न विचारणे घातक ठरते. स्त्रीशी एकांतात बोलण्याचे आणि गुप्तता पाळण्याचे प्रशिक्षण सेविकांना हवे. सेविकांच्या स्वतःच्या सुरक्षिततेचीही हमी हवी. आरोग्यसेवेतून असा आधार देता येतो, हे मुंबईच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने दाखवून दिले आहे.

कायद्याचा आधारही आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार शेजारी किंवा नातेवाईकही संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकतात. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्कही हा कायदा स्त्रीला देतो. ‘सखी’ केंद्रात वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायदेविषयक सल्ला व तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळतो. १८१ व ११२ या क्रमांकांवर मदत मागता येते. पण रस्ते बंद असताना या केंद्रापर्यंत नेणारे वाहन आणि संरक्षण अधिकाऱ्यांना संचाराची मुभा यांची तरतूद संकट येण्यापूर्वीच व्हावयास हवी.

‘सहन कर, संसार टिकव’ हा सल्ला आजही वडीलधाऱ्यांकडून आणि कधी धर्मगुरूंकडूनही दिला जातो. साथीच्या काळात असा सल्ला जिवावर बेतू शकतो. तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, त्यावर विश्वास ठेवावा आणि तिच्या संमतीने तिला योग्य ठिकाणी पोहोचवावे, एवढे तरी आपण प्रत्येकजण करू शकतो.