मरणानंतरची राणी
हान घराण्यातल्या या बाई १३९१ साली वारल्या, तेव्हा त्या एका सेनापतीच्या पत्नी होत्या. बस, एवढंच. सहा मुलगे आणि दोन मुली त्यांनी वाढवल्या. नवऱ्याचा राजधानीतला संसार दुसऱ्या बायकोबरोबर होता. नवऱ्याने जोसन राज्य स्थापन केलं ते पुढच्या वर्षी. पण आज कोरियाच्या इतिहासात त्या शिनुई राणी आहेत, राजवंशाच्या मूळ आई. हा किताब १३९८ सालचा.

साल नीट पाहावं. त्याच वर्षी त्यांच्या पाचव्या मुलाने, बांग-वॉनने, दोन्ही सावत्र भावांचा काटा काढला. त्यातला धाकटा युवराज होता. मग बांग-वॉनने सख्ख्या मोठ्या भावाला गादीवर बसवलं आणि भाऊ बसताच आई राणी झाली. दोन वर्षांनी बांग-वॉन स्वतःच राजा झाला.

अडचण एकच होती. हयातीत राणी झालेली बाई वेगळीच होती: सावत्र आई, शिनदक. त्या १३९६ मध्ये गेल्या. नवऱ्याने त्यांना राजधानीच्या तटाच्या आत पुरलं. तो जिवंत असेतो त्या कबरीला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. १४०८ मध्ये म्हातारा गेला. पुढच्याच वर्षी कबर शहराबाहेर हलवली गेली. १४१० मध्ये मातीचा ग्वांगतोंग पूल पुरात वाहून गेला, तेव्हा नव्या पुलाला त्याच कबरीचे कोरीव दगड लावले. काही चक्क उलटे. रोज हजारो पाय त्या पुलावरून जाणार, हे राजाला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

याच १४१० मध्ये जोंगम्यो या राजघराण्याच्या पूर्वज-मंदिरात संस्थापक राजाची पाटी बसली. शेजारी पाटी एकट्या शिनुईंची. शिनदक यांचे विधी उपपत्नीच्या पायरीवर उतरवले गेले.

याला मातृभक्ती म्हणायचं असेल तर म्हणावं. पण आई राणी नसेल, तर मुलगा कोण? पहिली बायको राणी आणि दुसरी उपपत्नी ठरली, की बांग-वॉन औरस आणि मारला गेलेला युवराज उपटसुंभ. किताब आईच्या नावावर, वारसाहक्क मुलाच्या पदरात.

शिनदक यांना राणीपद परत मिळालं १६६९ मध्ये. तोवर त्यांच्या बाजूने गादीवर हक्क सांगणारं कुणी उरलं नव्हतं.