तिजोरीचा रंग आणि किल्लीची जागा

मोबाईलवरील एखाद्या ॲपने रूप पालटले की दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, रंग बदलला, चिन्हे बदलली, त्याने कुणाचे काय बिघडले? दुसरा म्हणतो, सुरळीत चालले होते, कंपनीने उगाच हात लावला. गाण्यांच्या ॲपपुरता हा वाद करमणुकीचा मानता येईल. परंतु पासवर्ड मॅनेजर म्हणजे बँक, रेल्वे, भविष्य निर्वाह निधी अशा साऱ्या खात्यांच्या किल्ल्या एका जागी ठेवणारी तिजोरी. तिची मांडणी बदलली तर वापरणाऱ्याला फरक पडतो काय, हा प्रश्न आज आम्ही विचारास घेत आहोत.

या तिजोरीचा मोठा गुण पुष्कळांना ठाऊक नसतो. ती केवळ पासवर्ड साठवीत नाही, तर समोरच्या संकेतस्थळाचा पत्ताही ताडून पाहते. बँकेसारखे हुबेहूब बनावट पान कुणी उभे केले तर माणसाचा डोळा फसतो. पण पत्ता जुळत नसल्याने पासवर्ड मॅनेजर तेथे आपणहून पासवर्ड सुचवीत नाही. हे संरक्षण कधी मिळते? भरण्याचे काम आपण त्याच्यावर सोपवितो तेव्हा. ते बटणच सापडेनासे झाले तर माणूस पासवर्ड हाताने कॉपी करतो आणि समोरच्या पानावर चिकटवितो. त्या क्षणी पहारेकरी बाजूला होतो.

ही भीती कल्पनेतली नाही. बिटवॉर्डन या लोकप्रिय पासवर्ड मॅनेजरने डिसेंबर 2024 मध्ये ब्राउझरमधील आपल्या जोडणीचे रूप पालटले. पूर्वी यादीतील नावावर टिचकी मारली की पासवर्ड भरला जाई. नव्या रूपात त्याच टिचकीने नोंदीचा तपशील उघडू लागला, आणि भरण्यासाठी बाजूला वेगळे छोटे बटण आले. वापरणाऱ्यांनी मोठी तक्रार केली. पुढे कंपनीने जुन्या पद्धतीने भरण्याचा आणि मांडणी आटोपशीर करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये दिला. लोकांचे दुखणे केवळ रंगाचे नव्हते. वर्षानुवर्षे जेथे हात जात होता, तेथे आता दुसरेच काम होऊ लागले होते.

देखणेपणा आणि सोपेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अभ्यासकांनी फार पूर्वी दाखविले आहे. 1999 साली अमेरिकेत अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी पीजीपी 5.0 या संदेश कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमची परीक्षा घेतली. त्याचे पडदे दिसायला नेटके होते. तरीही 12 जणांना प्रत्येकी 90 मिनिटे देऊन केवळ एक-तृतीयांश लोकांना संदेश नीट सही करून, कुलूप लावून पाठविता आला. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला.

कधी कधी नव्या रूपाबरोबर अटीही बदलतात. कॅनडातील कंपनीच्या वनपासवर्डची 8 वी आवृत्ती 2021 मध्ये चाचणीसाठी आली, तेव्हा मॅक संगणकावरील जुन्या ग्राहकांनी तिच्या नव्या बांधणीवर नाराजी व्यक्त केली. पण त्याच आवृत्तीत स्वतःच्या संगणकावर स्वतंत्र तिजोरी ठेवण्याची सोय गेली आणि वर्गणी भरणे आवश्यक झाले. रंगरूपाच्या चर्चेत असे मुद्दे मागे पडू नयेत.

याउलट, रूपच सर्वस्व मानणेही चूक. 2022 साली लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. हा दोष कोणत्याही पडद्यावर दिसला नसता. म्हणजे सुंदर पडद्यावरून तिजोरीची मजबुती ठरत नाही, आणि जुनाट पडद्यावरून कमजोरीही ठरत नाही.

मग फरक पडतो कुणाला? कचेरीत काम करणाऱ्यांना हे चटकन उमगेल. खिडक्यांची अदलाबदल झाली की पाटी वाचणारा माणूस दोन मिनिटांत नवी खिडकी शोधतो; पण 'डावीकडून तिसरी' एवढेच लक्षात ठेवून आलेला म्हातारा चुकीच्या रांगेत तासभर उभा राहतो. ॲपचेही तसेच. मुलाने किंवा नातीने 'येथे दाब, मग तेथे दाब' असे शिकविलेल्या आजोबांना मांडणी बदलताच तिजोरी परकी होते. मग ते सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू लागतात. नव्या रूपाची खरी किंमत तेथे मोजली जाते. फिकट अक्षरे हीही अशीच किंमत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5 : 1 एवढा फरक असावा, असे सर्वमान्य संकेत आहेत, ते दृष्टी मंदावलेल्यांसाठीच आहेत.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमचे सांगणे असे. घरातील वडीलधाऱ्यांना शिकविताना जागा दाखवू नका, बटणाचे नाव वाचायला शिकवा. मुख्य पासवर्ड आणि खाते परत मिळविण्याचा संकेतांक कागदावर लिहून महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत कुलपात ठेवा. रूप बदलले की प्रथम सेटिंग उघडून जुन्या पद्धतीचा पर्याय आहे काय ते पाहा, आणि अटी बदलल्या काय तेही वाचा. गैरसोय झाली तर कंपनीला कळवा. बिटवॉर्डनच्या ग्राहकांनी कळविले म्हणूनच पर्याय मिळाला. मात्र चिडून पासवर्ड मॅनेजर टाकून देऊ नका, आणि घरातले कुणी त्या चिडीपायी तो सोडून बसले असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसून नवी मांडणी समजावून द्या.