अनाहत नव्हे, कर्णनाद

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठच्या या गावात घोड्यांचा बाजार उभा राहतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडी पाहायला आम्ही कितीतरी वर्षे जात आलो. टापा, घासाघीस, तमाशाच्या तंबूतली ढोलकी, पाळण्यांवरचे भोंगे. ही यात्रा डोळ्यांइतकीच कानांनी अनुभवायची. अशाच एका रात्री भोंग्यालगत तास-दीड तास उभे राहिलो आणि परतलो ते डाव्या कानात एक बारीक शीळ घेऊन. सकाळपर्यंत जाईल असे वाटले. पुढे बाजार उठला, तंबू उठले, शीळ तेवढी राहिली.

हे सांगितल्यावर दोन तऱ्हेची उत्तरे मिळाली. एक : ‘अनाहत नाद ऐकू येऊ लागला, भाग्यवान आहात!’ दुसरे : ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका.’ दोन्हींवर आमचा आक्षेप आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला अनाहत योग्याला साधनेअंती लाभतो. आमचा नाद विनासायास आला आणि घालवू म्हटले तरी जात नाही. शिवाय सुश्रुताने अठ्ठावीस कर्णरोग मोजले, त्यांत कर्णनाद स्पष्टपणे आहे. म्हणजे परंपरेला योगही ठाऊक होता आणि रोगही. आम्ही सोयीचे तेवढे लक्षात ठेवले.

प्रचंड आवाजाने आतल्या कानातील केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या पट्टीतले संदेश येईनासे झाले की मेंदू, क्षीण केंद्र लागावे म्हणून आपण रेडिओचा आवाज वाढवतो तसे, स्वतःच आवाज वाढवत नेतो आणि स्वतःचीच खरखर ऐकतो, असे आजचे बहुमान्य स्पष्टीकरण आहे. तेव्हा हा भ्रम नव्हे. एकाच कानात नाद असेल किंवा तो नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर तपासणी टाळू नये. आम्ही ती केली. वरच्या पट्टीतले ऐकणे उणावल्याचे कळले, आणि एवढे कळण्यानेही निम्मी धास्ती गेली.

उरलेली निम्मी रात्री छळते. शांततेचे गोडवे गाण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले, आणि आता शांतताच नकोशी झाली. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी निरोगी कानांची 80 माणसे ध्वनिरोधक खोलीत बसवली, तर 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आले! आम्ही पौषातही पंखा लावून निजतो (घरच्यांचे शेरे येथे देत नाही). पंख्याच्या घरघरीत शीळ बुडत नाही, पण एकटी राहत नाही. ‘आहे का अजून?’ म्हणून तिला चाचपणे सोडायला मात्र आम्हाला दोन वर्षे लागली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी असून नसते, तशी ती हल्ली काही तास असून नसते. याहून मोठा विजय आम्ही मागत नाही.

मागायचे ते दुसरेच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवायला सांगितले, आणि वर्षातले 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देण्याची मुभाही ठेवली. वाद होतो तो या सवलतीवर, म्हणजे शेजाऱ्याच्या झोपेवर. भोंग्याखाली राबणाऱ्याच्या कानाविषयी कोणी बोलत नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी करावी, असा एक प्रचलित हिशेब आहे. म्हणजे 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. पाळण्यावरचा पोरगा यात्राभर तेथेच बसतो. तिशीत त्याचाही कान वाजू लागला, की त्यालाही आपण ‘मनाचे खेळ’च सांगणार आहोत काय? घोडेवाले तरी शहाणे. बुजरे जनावर ते भोंग्यापासून लांब बांधतात.

गेल्या यात्रेत आम्ही कानात बोळे घालूनच हिंडलो. एक जोडी पाळण्यावरच्या पोराला देऊ केली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, हसला आणि परत केली. म्हणाला, ‘हे घातलं तर मालकाची हाक कशी ऐकू येईल?’