पालिकेच्या हद्दीत ग्रामसभा का नाही?

नंदुरबार जिल्ह्याचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभांना गावच्या योजनांना मंजुरी देण्याचा अधिकार दिला. नगरपालिकेची हद्द लागली की तो संपतो. नंदुरबार-शहाद्यातल्या रहिवाशाला पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्यापलीकडे काम उरत नाही. म्हणून पालिकेतल्या विरोधी पक्षाला शहराचा आराखडा मांडायचाच असेल, तर तो त्याने गल्लीत रहिवाशांची सभा भरवून लिहावा. नंदुरबारच्या मिरचीचेच पाहा. पथारींवर लाल मिरची वाळते, ठसका लागू नये म्हणून बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर ती निवडतात. आराखडे मात्र बहुधा चौक आणि कारंजी यांनीच भरतात. या बायकांना पाणी, स्वच्छतागृह हवे, हे त्यांना विचारले तरच कागदावर येईल.

सत्ता नसलेल्यांच्या आराखड्याला कोण विचारतो, असे म्हटले जाईल. पण रहिवाशांच्या दोनशे सह्या असलेली मागणी फेटाळताना सत्ताधाऱ्यांना निदान कारण तरी शोधावे लागते. पैशाचा आक्षेप अधिक वजनदार. मोठी कामे बहुतांशी सरकारी अनुदानावर चालतात. मात्र नंदुरबारला पाणी पुरवणाऱ्या विरचक धरणाचे पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता सोडायचे, हे ठरवायला अनुदान लागत नाही. सभा दांडगटांच्या ताब्यात जाईल, ही भीती खरी आहे (ग्रामसभांनाही ती चुकलेली नाही). म्हणून ठराव तिथेच वाचून दाखवावेत आणि सभा मजुरी सुटल्यावर भरवावी. भर दुपारी बाराला सभा बोलावणाऱ्या पक्षाला रहिवाशांचे ऐकायचेच नसते.